'सिंथेटिक' म्हणजे नकलीच का?

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: 'सिंथेटिक'चा अर्थ मी 'घटक जोडून घडवलेलं' असा दिला, तो पुस्तकी आहे, व्यवहारात सिंथेटिक म्हणजे सरळ नकली. त्यासाठी तुम्ही 'सिंथेटिक सही' हे उदाहरण दिलंत, सिंथेटिक जीवनसत्त्वंही सरसकट नकली ठरवलीत. शिवाय भाषाशास्त्र मध्येच कशाला आणलं, असंही तुम्ही विचारलंत.

नकलीपणाची छटा आहेच. ओढूनताणून आणलेल्या उत्साहाला इंग्रजीत सिंथेटिक म्हणतात, कोशही तो अर्थ देतात. पण तो मागाहून चिकटलेला. मूळ ग्रीक शब्दात 'एकत्र' आणि 'ठेवणे' एवढंच आहे, आणि आजही गंभीर लेखनात तोच अर्थ चालतो.

हिऱ्याचंच घ्या. सिंथेटिक हिरा प्रयोगशाळेत बनतो, पण असतो कार्बनचाच, रचनाही तीच. उष्णता किती झरझर वाहते यावर हिरा ओळखणारं साधं यंत्र त्याला बिनतक्रार पास करतं. हिऱ्यासारखा दिसणारा क्यूबिक झिरकोनिया मात्र तिथेच पकडला जातो, कारण ते झिरकोनियमचं ऑक्साइड. गंमत अशी की दागिन्यातला झिरकोनियाही कारखान्यातच तयार होतो. म्हणजे तोही सिंथेटिकच. झिरकोनिया म्हणून अस्सल, हिरा म्हणून खोटा. 'सिंथेटिक' आणि 'इमिटेशन' हे दोन वेगळे शब्द का लागतात, ते इथे दिसतं. पहिला वस्तू कशी झाली ते सांगतो, दुसरा ती कशाची बतावणी करते ते.

जीवनसत्त्वांबद्दल तुम्ही सगळ्यांना एकाच काठीने हाकलंत. सिंथेटिक 'क' आणि लिंबातलं 'क' यांचा रेणू एकच. 'ई'चं तसं नाही: 'ई'चा मुख्य प्रकार असलेलं नैसर्गिक अल्फा-टोकोफेरॉल रेणूच्या एकाच घडणीचं, तर सिंथेटिकमध्ये सहसा आठ घडणींचं मिश्रण असतं. तेव्हा फरक आहे की नाही, हे प्रत्येक पदार्थापुरतं तपासावं लागतं. नुसत्या विशेषणावरून ते कळत नाही.

आता भाषाशास्त्र. 'घरातल्यांनासुद्धा' हा एक शब्द फोडून पाहा: घर, आत, ल, आं, ना, सुद्धा. इतके तुकडे एका शब्दात गुंफणाऱ्या भाषेला सिंथेटिक म्हणतात. संस्कृत, लॅटिन त्याच गोत्रातल्या. तिथे 'नकली' हा अर्थ लावून पाहा बरं! जर्मन तत्त्वज्ञ कांटनेही 1781 मध्ये 7 + 5 = 12 या विधानाला सिंथेटिकच म्हटलं, कारण त्याच्या मते 7, 5 आणि बेरीज या कल्पना कितीही उसवल्या तरी त्यांतून 12 बाहेर पडत नाही.

तुम्ही दिलेली 'सिंथेटिक सही' मात्र इंग्रजीत चालणार नाही. दुसऱ्याची सही ठोकली तर तिथे 'फोर्ज्ड'च म्हणतात.