मिलोची भाकरी आणि दुबईतली बिस्किटं

२०२५ च्या जुलैत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक बातमी आली आणि गणपतीच्या वर्गणीचा विषय तेवढ्यापुरता बाजूला पडला. दुबईच्या गोदामातली जवळजवळ ५०० टन बिस्किटं अमेरिकेने जाळायला काढली होती. चहात बुडवायची साधी बिस्किटं नव्हेत, उपाशी लेकरांसाठी मुद्दाम बनवलेली, जास्त ताकदीची. अफगाणिस्तान-पाकिस्तानकडे जायची होती. १५ लाख मुलांना आठवडाभर पुरली असती. किंमत आठेक लाख डॉलर, आणि त्यांची विल्हेवाट लावायचा खर्च वर आणखी १ लाख ३० हजार.

ग्रुपवर लगेच दोन तट. एकाचं म्हणणं, माज आलाय. दुसऱ्याचं, मग काय मुदत संपलेलं पोरांना घालायचं? मुदत त्याच महिन्यात संपत होती हे खरंच. पण बिस्किटं काही जुलैत आली नव्हती. ती वाटायचा हुकूम ज्या यूएसएडने, म्हणजे परदेशांना मदत देणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेने द्यायचा, ती संस्थाच जानेवारीपासून मोडीत काढणं चालू होतं. माल होता, खाणारे होते, कागदावर सही करायला माणूस नव्हता. मी भलंमोठं उत्तर टाइप केलं आणि खोडलं. तिथे दोन ओळींच्या वर लिहिलं की 'काका, थोडक्यात' असं येतं. म्हणून इथे लिहितोय. थोडक्यात नाहीये, आधीच सांगतो.

या विषयाशी माझं नातं पोटाचं आहे. करमाळा तालुक्यात वडिलांचं कंट्रोलचं दुकान होतं. बहात्तरच्या दुष्काळात मी सातवीत होतो. आमच्याकडची ज्वारी म्हणजे मालदांडी, मोत्यासारखी. त्या साली दुकानात पोती आली ती मिलोची, म्हणजे अमेरिकेतल्या लाल ज्वारीची. तांबूस, जाड सालीची, वासही निराळा. पिठाला चिकटपणा म्हणून नाही. आई आधणाचं पाणी घालून मळायची, तरी थापताना भाकरीच्या कडा चिरायच्या आणि परातीतून तव्यावर जाईपर्यंत एकीच्या दोन व्हायच्या. गावात बोलवा होती की अमेरिकेत हे डुकरांना घालतात. ते खोटं नव्हतं, तिकडे मिलो जनावरांचंच खाद्य. बाया दुकानात येऊन वडिलांना चार शब्द सुनवायच्या, जसं काही त्यांनीच पेरली होती, आणि मग पिशवी पुढे करायच्या.

मोठेपणी कळलं की मिलो ही मदत नव्हतीच. १९७१ च्या युद्धात अमेरिकेचा अध्यक्ष निक्सनने भारताची मदत थांबवली, सवलतीच्या गव्हाचा सिलसिलाही तिथेच थांबला. बहात्तर-त्र्याहत्तरची ही लाल ज्वारी आपल्या सरकारने पैसे मोजून आणली होती. पण गावाच्या लेखी ती 'अमेरिकेने पाठवलेली'. आधीची पंधरा वर्षं अमेरिकेचं धान्य म्हणजे उपकाराचं धान्य हे डोक्यात इतकं बसलं होतं, की विकत घेतलेल्या पोत्यालाही तोच वास यायचा.

त्या उपकाराची गोष्ट मुळातून सांगायला हवी. १० जुलै १९५४ ला तेव्हाचा अध्यक्ष आयझेनहॉवरने एका कायद्यावर सही केली, तो पीएल-४८०. तेव्हा अमेरिकेची गोदामं गव्हाने ओसंडत होती, भाव पडू नयेत म्हणून सरकारच शेतकऱ्याचा माल उचलत होतं आणि साठवायला जागा उरली नव्हती. जास्तीचा माल खपवायचा, तिकडच्या शेतीमालाला नवी गिऱ्हाइकं तयार करायची आणि जमलं तर जगाची भूकही भागवायची, असा तो हिशेब. 'शांततेसाठी अन्न' हे गोड नाव केनेडीच्या काळात मिळालं. १९५६ मध्ये आपण करार केला. गहू घ्यायचा, पैसे रुपयात द्यायचे आणि ते रुपये इथेच अमेरिकेच्या खात्यात साठत राहायचे. साठून साठून इतके झाले की १९७४ मध्ये त्यातले १,६६४ कोटी अमेरिकेने एका चेकने भारताला परत देऊन टाकले. तो चेक जगातला सर्वांत मोठा म्हणून गिनीज बुकात गेला.

(गाजरगवतही त्याच गव्हातून आलं असं आमच्याकडे पोरगंसुद्धा सांगतं. पहिली नोंद पुण्याची, त्याच सुमाराची. बाकी वाद वनस्पतिशास्त्रवाल्यांनी घालावा. बांधावर उपटून उपटून माझे मात्र हात सोलले आहेत.)

१९६५ आणि ६६ असा लागोपाठ दोन वर्षं पाऊस दगा देऊन गेला. सहासष्टमध्ये एक कोटी टनांहून जास्त धान्य बाहेरून आलं, बहुतेक अमेरिकेचं. जहाजातून थेट तोंडात, अशी गत. बिहारात त्या गव्हाने माणसं जगली, हे नाकारणारा कृतघ्न. पण त्याच वेळी अमेरिकेचा अध्यक्ष लिंडन जॉन्सन आपला गहू महिन्या-महिन्याच्या हप्त्याने सोडत होता. आधी शेतीधोरण बदला आणि आमच्या व्हिएतनामच्या बॉम्बहल्ल्यांवर बोलणं आवरा, मग पुढचं जहाज. शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं ते पासष्टमध्ये. आमच्या घरात तो सोमवार वडील गेले त्या वर्षापर्यंत पाळला जायचा. आधी देशासाठी, नंतर महादेवासाठी.

आता इथे मी नेहमी जे म्हणायचो ते सांगतो आणि मग माझी फजिती.

मी म्हणायचो, देणारा भुकेल्याच्या ताटाकडे बघून देत नाही, स्वतःच्या गोदामाकडे बघून देतो. पुरावे ढीगभर. मदतीच्या धान्यातलं निम्मं तरी अमेरिकी झेंड्याच्या जहाजानेच गेलं पाहिजे असा कायदा १९५४ चाच आहे. १९८५ मध्ये ते प्रमाण ७५ टक्के केलं, २०१२ मध्ये परत निम्म्यावर आणलं. ही जहाजं महाग. म्हणजे भूक निवारणाच्या पैशातला मोठा घास समुद्रच खायचा. शेजारच्या देशात मका पिकून पडलाय, तरी कॅन्सस-नेब्रास्काचंच पोतं महिनोन्महिने प्रवास करून येणार. शिवाय सेवाभावी संस्था ते धान्य तिथल्या बाजारात विकून आपले प्रकल्प चालवायच्या, आणि गावच्या शेतकऱ्याच्या मालाला गिऱ्हाईक उरायचं नाही. यावर २००७ मध्ये 'केअर' या संस्थेने सांगून टाकलं की असं धान्य आम्हाला नको. वर्षाला साडेचार कोटी डॉलरवर पाणी सोडलं त्यांनी. आपल्याकडची कुठली संस्था असं अनुदान नाकारेल, सांगा.

युरोपने १९९६ पासूनच रोख देऊन जवळपास धान्य खरेदी करायची वाट धरली होती, कॅनडाने २००८ मध्ये आपल्याच शेतकऱ्याचं धान्य द्यायची अट पूर्ण काढली. अमेरिकेतही अध्यक्ष बुश आणि नंतर ओबामा, दोघांनी थोडं तरी रोखीत द्या म्हणून प्रयत्न केला. शेतकरी संघटना आणि जहाजवाले आडवे आले. मी या सगळ्यावर तावातावाने बोलायचो.

आणि बोलायला माझ्याकडे घरचं उदाहरण होतं. बहात्तरला महाराष्ट्र मेला नाही तो मिलोमुळे नव्हे, मजुरीमुळे. खडी फोडणं, पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते. १९७३ च्या मे महिन्यात या कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांचं नाव मस्टरवर होतं, मुकादम हजेरी घ्यायचा, आणि मुलांना सुकडी मिळायची, तीही मी चोरून खाल्ली आहे. हातात पगार आला की बाई बाजारात जायची. जिल्हाबंदी, राज्यबंदी असूनही व्यापारी कुठून कुठून माल आणायचे, कारण इथे घेणारा होता. पैसा खिशात असला की धान्य त्याच्या मागे चालत येतं. तासगावात वि. स. पागे यांनी सुरू केलेला, मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग या दुष्काळातून तावूनसुलाखून निघाला आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. तेव्हा धान्याची पोती नकोत, रोख द्या, जवळून घ्या, हे मी पुस्तकात वाचून बोलत नव्हतो.

मग २०२५ आलं.

मला वाटलं होतं, बदल होईल तर पोत्यांकडून रोखीकडे होईल. झालं भलतंच, सगळंच बंद. आणि बंद करतानासुद्धा कुणासाठी कोण ओरडलं ते बघा. फेब्रुवारीत यूएसएडच्याच महानिरीक्षकाने अहवाल दिला की बंदरांत, वाटेत आणि गोदामांत ४८.९ कोटी डॉलरचं अन्न अडकलंय, सडू शकतं. दुसऱ्या दिवशी त्याला घरी पाठवलं. त्याच महिन्यात कॅन्ससच्या खासदारांनी विधेयक आणलं, की 'शांततेसाठी अन्न' योजना निदान शेती खात्याकडे तरी द्या. त्यांना सुदानचा कळवळा आला असेल-नसेल, मतदारसंघातल्या ज्वारी-गव्हाचा नक्की आला. म्हणजे ज्या स्वार्थाला मी पंधरा-वीस वर्षं नावं ठेवली, त्याच्यामुळे पोत्यांच्या बाजूने बोलायला निदान कुणीतरी उभं राहिलं.

आणि रोखीची मदत? सुदानच्या राजधानीत, खार्तूममध्ये, यादवी युद्धाच्या गोळीबारात तिथल्याच तरुण पोरापोरींनी गल्लोगल्ली सामुदायिक चुली मांडल्या होत्या. बाहेरून पैसा यायचा, ते मिळेल तिथून डाळ-धान्य घ्यायचे, मोठ्या पातेल्यात शिजवायचे आणि रांगेतल्या सगळ्यांना वाढायचे. माझ्या मते अन्नाची मदत याहून चांगली असूच शकत नाही. ना जहाज, ना मिलो, ना अमेरिकी मदतीचं हस्तांदोलनाचं चित्र छापलेली गोणी. अमेरिकेचा पैसा थांबल्यावर त्यातल्या शेकडो चुली थोड्याच दिवसांत विझल्या. त्या पातेल्यासाठी अमेरिकेच्या संसदेत कोण विधेयक आणणार? त्या पातेल्याला मतदारसंघ नव्हता.

हे मला पचायला जड गेलं. अजून पूर्ण पचलेलं नाही. जागतिक अन्न कार्यक्रमासारखी संस्था, जिला २०२० चं शांततेचं नोबेल मिळालं, तीसुद्धा पूर्णपणे स्वेच्छेच्या वर्गणीवर चालते. २०२२ मध्ये तिला मिळालेल्या सुमारे १४ अब्ज डॉलरमधले निम्मे एकट्या अमेरिकेचे होते. एकाच घरच्या वर्गणीवर मांडव उभा करायचा नसतो, हे आमच्या मंडळाच्या खजिनदारालाही कळतं.

आता कुणी म्हणेल, आपण काय करतो? करतो की. तालिबान आल्यानंतर आपण अफगाणिस्तानला ५०,००० टन गहू जाहीर केला. २०२१ च्या शरद ऋतूत देऊ केलेला गहू अटारीहून निघाला २२ फेब्रुवारी २०२२ ला. मधले महिने ट्रक कुणाचे, आपले की पाकिस्तानचे, यात गेले. शेवटी अफगाणी ट्रक ठरले. तिथली माणसं नान खाणारी, त्यामुळे गहू हा योग्यच जिन्नस. पण खरं सांगा, त्यांना तांदूळ हवा असता आणि आपली गोदामं गव्हाने भरलेली असती, तर आपण काय पाठवलं असतं? आणि त्याच वर्षी १३ मे ला उन्हाळ्याने पीक होरपळलं म्हणून आपण गव्हाची निर्यात बंद केली. चूक म्हणत नाही, आधी घरची चूल. फक्त जॉन्सनला शिव्या घालताना माझा आवाज हल्ली थोडा खाली येतो.

म्हणून ग्रुपवरच्या दोघांनाही माझं उत्तर असं होतं, जे मी खोडलं: माज नव्हे आणि मुदतही नव्हे. त्या बिस्किटांच्या मागे उभं राहून ओरडणारं कुणी नव्हतं, एवढंच. स्वार्थ मदतीतून हाकलायच्या भरात आपण त्याच्या जागी काय बसवणार हे मी तरी कधी सांगितलं नव्हतं. कायद्याने बांधलेली वर्गणी हवी, जशी रोजगार हमी ही मेहरबानी न राहता हक्क झाली, असं आता वाटतं. देशादेशांमध्ये ते कोण कुणाला लावणार, ते मात्र मला सुचत नाही. सुचत असेल त्यांनी लिहा, पण शिवीगाळ केलीत तर ब्लॉक करेन.

एक वेगळी विनंती. कुणाच्या घरी बहात्तरची आठवण असलेली आई, आत्या, मावशी असेल, तर तिला विचारून सांगा, मिलोची भाकरी न चिरता कशी करायची. आमच्या शेजारच्या काकूंची अख्खी उठायची. त्यात त्या काहीतरी मिसळायच्या, ते त्यांनी आईला शेवटपर्यंत सांगितलं नाही.