काय दिवे लावले!

खरा दिवा बटण दाबलं की लागतो. भिंत उजळते, खुर्चीची सावली जमिनीवर पडते, आणि यातलं काहीही आपण वेगळं मागितलेलं नसतं. थ्रीडी सॉफ्टवेअरमधला स्पॉटलाइट म्हणजे खिडकीवरचा कारकून: अर्जात लिहिलंय तेवढंच मिळेल. सावली हवी? तिथे टिक करा. सावलीच्या कडा मऊ हव्यात? त्याचा आकडा वेगळा.

माझी अपेक्षा माफक होती. टेबलावर एक किटली, तिच्यावर एक झोत. किटली तीच, थ्रीडीवाल्यांची ठरलेली, १९७५ साली मार्टिन न्यूएल यांनी यूटा विद्यापीठात संगणकात उतरवलेली. तिच्यातून आजवर कुणाला घोटभर चहा मिळालेला नाही, पण उजेड तिने किती खाल्ला असेल याला गणती नाही.

आधी नेम. वरून पाहिलं तर झोत बरोब्बर किटलीवर. बाजूने पाहिलं तर तो तिच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे निघालेला. बाजूने सरळ करावा तर समोरून तिरका. शेवटी ‘ट्रॅक टू’ने, म्हणजे दिव्याचं तोंड कायम एकाच वस्तूकडे ठेवणाऱ्या सोयीने, त्याला किटलीशी बांधून टाकलं.

मग वॅट. १०० टाकले, तर मिट्ट काळोख. इथले वॅट विजेच्या बिलातले नव्हेत, निव्वळ प्रकाशाचे. आणि तेही दिवा चहूकडे फाकतोय असं धरून मोजलेले. त्यामुळे झोताचा शंकू अरुंद केला म्हणून झोत प्रखर होत नाही, उरलेला उजेड नुसता कापला जातो. त्यात अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई. म्हणून १००० केले, तर किटलीच्या पोटावर पांढराफटक डाग. या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी सुख असतं म्हणतात.

‘ब्लेंड’ नावाचा आकडा वाढवला की सावली मऊ होईल, असं कुणालाही वाटेल. होत नाही. मऊ होते ती झोताच्या गोलाची कड. सावली ऐकते दिव्याच्या त्रिज्येचं. दोघींचं एकमेकींशी बोलणं नाही.

आणि मग पट्टे! किटलीच्या अंगभर काळे, बारीक पट्टे. १९७८ मध्ये लान्स विल्यम्स यांनी मांडलेली सावली पाडायची युक्ती मोठी झकास आहे: दिव्याच्या जागेवरून दृश्य पाहायचं, प्रत्येक दिशेला पहिली वस्तू किती दूर आहे ते चौकटींच्या वहीत टिपायचं, आणि त्याहून लांब असेल ते सावलीत टाकायचं. पण वहीच्या चौकटी मोजक्या. तिरप्या पृष्ठभागावर हिशेब जरासा चुकतो आणि किटलीला वाटतं, आपण आपल्याच सावलीत उभ्या आहोत. यावर औषध ‘बायस’, म्हणजे अंतराच्या हिशेबात दिलेली थोडी सूट. ते थोडं दिलं तर पट्टे जात नाहीत. जास्त दिलं तर पट्टे जातात, पण सावली किटलीच्या बुडापासून सुटून पलीकडे सरकते आणि किटली हवेत तरंगू लागते. जाणकार याला ‘पीटर पॅनिंग’ म्हणतात, गोष्टीतल्या सावली सुटलेल्या, उडणाऱ्या पीटर पॅनवरून. नाव गोड आहे, एवढंच समाधान.

एवढं करून किटली टेबलावर टेकली. आता मागच्या भिंतीवर नको तिथे उजेड सांडतोय. काही सॉफ्टवेअरमध्ये दिव्याला वजा वॅट देता येतात. तो उजेड देत नाही, गिळतो. भिंतीसाठी तसला एक दिवा लावलाय. सध्या तो किटली गिळतोय. नेम चुकलाय.