"तुमच्या घरात झालं असतं तर?" या कमेंटला उत्तर, जरा लांबलंच

भाऊ, तुमची कमेंट काढणार नाही, घाबरू नका. उलट तिलाच सविस्तर उत्तर देऊन राहिलो, कारण तुम्ही जे लिहिलं ते मनात असलेले पण न लिहिणारे बरेच जण असतील. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं की फाशी कुठल्याच गुन्ह्याला नको. त्यावर भाऊ म्हणतात, हे एसीत बसून सुचतं, विदेशी एनजीओवाल्यांचं खूळ आहे, कसाबला काय जन्मभर बिर्याणी खाऊ घालायची होती, आमच्या टॅक्सवर नराधमांना काहून पोसायचं, हिंगणघाटच्या पेट्रोल टाकून जाळलेल्या पोरीला कुठं न्याय मिळाला, आणि शेवटी, तुमच्या घरात झालं असतं तर असं लिहिलं असतं का.

शेवटचं आधी घेतो. माझ्या घरात झालं असतं तर बहुतेक मी पण फाशीच मागितली असती, आणि त्या दिवशी कोणी मला कलमं समजवायला आलं असतं तर त्याला दारातूनच हाकललं असतं. पण माझ्या काल्पनिक दुःखाचं काय घेऊन बसता, आपल्याकडे खरा माणूस होऊन गेला ना. भैयालाल भोतमांगे. 29 सप्टेंबर 2006, भंडारा जिल्ह्यातलं खैरलांजी, दलित कुटुंब, गावातल्या जमावानं बायको, मुलगी, दोन मुलं मारली, सगळं घर एका संध्याकाळी संपलं. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी सुनावली, 2010 च्या जुलैत इथे नागपूर खंडपीठानं ती कमी करून 25 वर्षांची जन्मठेप केली. भोतमांगेंना फाशीच पाहिजे होती. 2017 च्या जानेवारीत ते इथे नागपुरातच गेले. तुम्ही चुकीचं मागून राहिले असं त्यांच्या तोंडावर म्हणायची माझी काही छाती झाली नसती.

पण त्याच निकालात अजून एक गोष्ट होती जी फाशीच्या हेडलाइनखाली दबली. ज्या कोर्टानं सहा जणांना फाशी दिली त्याच कोर्टानं अॅट्रॉसिटी कायदा (दलित-आदिवासींवरच्या जातीय अत्याचारांचा) इथे लागू होत नाही असंही म्हटलं होतं. म्हणजे माणसं मारली हे मान्य, पण जातीमुळे मारली हे मान्य नाही, आणि हायकोर्टातही तेच राहिलं. आंबेडकरी कार्यकर्ते तेव्हाही यावर बोंबलत होते, ऐकतो कोण, टीव्हीवर प्रश्न एकच, फाशी टिकली का गेली. आता सांगा, सहाच्या सहा जण लटकले असते तरी सरकारी कागदावर खैरलांजी म्हणजे जुन्या वैरातून घेतलेला बदलाच राहिला असता ना? फाशीनं सगळ्यांचं समाधान झालं असतं आणि खरा सवाल तिथल्या तिथे मिटवून टाकला असता. माझा फाशीवर सगळ्यात मोठा राग हाच आहे. ती सरकारला फार स्वस्तात सुटू देते.

दुसरं उदाहरण पण आपलंच. कस्तुरबा नगरचा अक्कू यादव, वस्तीतल्या बायकांवर बलात्काराचे आरोप असलेला गुंड, तुमच्या-माझ्या वयाच्या नागपूरकराला सांगायची गरज नाही. 13 ऑगस्ट 2004 ला त्याला जिल्हा कोर्टात आणलं होतं, आता हा पुन्हा जामिनावर सुटणार अशी वस्तीत बोंब झालेली, आणि बायका तिखट-चाकू घेऊन भर कोर्टरूममध्ये घुसल्या आणि त्याला तिथंच संपवलं. (2014 मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले.) आता गंमत बघा, गंमत म्हणजे कसली, पण बघा. दुसऱ्याच दिवशी, 14 ऑगस्टला पहाटे कोलकात्यात बलात्कार-खुनाच्या गुन्ह्यात धनंजय चॅटर्जीला फाशी झाली, आणि त्या आठवड्यात सगळा देश, सगळे चॅनेल, तो दोर आणि तो जल्लाद यातच गुंतले होते. म्हणजे फाशीची शिक्षा कायद्यात होती, वापरातही होती, नुसती वापरातच नाही तर पेपरात रोज पहिल्या पानावर होती. कस्तुरबा नगरच्या बायकांच्या ती काय कामाची होती? त्यांचं म्हणणं साधं होतं, पोलिस आमची तक्रारच घेत नाहीत, घेतली तर त्याच्याच कानावर जाते. त्यांना दोर नको होता हो, ठाण्यात खुर्चीवर बसलेल्या माणसानं रजिस्टर उघडून लिहून घ्यायला पाहिजे होतं. तेवढं झालं असतं तर त्यातली एकही बाई चाकू घेऊन कोर्टात गेली नसती असं मला तरी वाटते.

आता कसाब. बिर्याणीचं सोडा, कसाबच्या खटल्यातले सरकारी वकील, खुद्द उज्ज्वल निकमांनीच 2015 मध्ये सांगितलं की ती गोष्ट त्यांनी मनानं रचली होती. बाकी मान्य करतो, कसाबच्या बाबतीत माणूस चुकीचा पकडला अशी शंका घ्यायला जागाच नव्हती, कॅमेऱ्यात बंदूक घेऊन फिरताना दिसतो तो. पण भाऊ, कायदा एकट्या कसाबसाठी नसते ना. 1980 च्या सुप्रीम कोर्टाच्या बचन सिंग निकालापासून आपल्याकडे "दुर्मिळातलं दुर्मिळ" प्रकरण असेल तरच फाशी असा नियम आहे, आणि दुर्मिळ कोणतं हे ठरवणार कोण, तर समोर बसलेले जज. एक जज फाशी देते, दुसरा त्याच तऱ्हेच्या केसमध्ये जन्मठेप देते.

आणि ज्या कायद्यानं कसाबला फाशी झाली त्याच कायद्यानं अजून कोणाकोणाला फाशी सुनावली ते बघायला लांब जायची गरज नाही, वर्धा रोडवर राहाटे कॉलनीच्या पुढे जी नागपूर सेंट्रल जेलची मोठी भिंत आहे तिच्या आतलंच सांगतो. पुण्यातलं 1994 चं सात जणांच्या हत्येचं प्रकरण, त्यात पोटुशी बाई पण होती, लहान लेकरं होती. तुमचं-माझं रक्त उकळावं असंच प्रकरण, दुर्मिळातलं दुर्मिळ म्हणायला कोणाचीच ना नसती. त्यातल्या राजस्थानच्या एका आरोपीला 1998 मध्ये फाशी सुनावली, हायकोर्टानं कायम केली, 2000 मध्ये सुप्रीम कोर्टानंही कायम केली. म्हणजे तीन कोर्टांनी तपासून सही केली. नंतर त्याच्या गावच्या शाळेचं रजिस्टर पुढं आलं, त्यातली जन्मतारीख धरली तर घटनेच्या वेळी पोट्ट्याचं वय होतं बारा वर्षं सहा महिने. बारा! त्या वयाच्या अल्पवयीनाला जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता येते, हा 28 वर्षं आत, त्यातली बहुतेक फाशीच्या छायेत. मार्च 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं सोडायचा हुकूम दिला आणि तो आपल्याच नागपूर जेलमधून बाहेर आला. जेलमध्येच शिकला म्हणतात.

कायदा नीट काम करून राहिला, शेवटी सुटलाच ना, असं तुम्ही म्हणाल. सुटला, कारण दिरंगाई झाली. "ताबडतोब लटकवा" वाल्यांचं ऐकलं असतं तर ते रजिस्टर कोणी उघडलंच नसतं. आपल्याच महाराष्ट्रातली अजून एक केस आहे, 2003 ची, भटक्या जमातीतले सहा जण, 2009 मध्ये सुप्रीम कोर्टानं सगळ्यांना फाशी, आणि 2019 मध्ये त्याच सुप्रीम कोर्टानं सहाही जण निर्दोष, वर प्रत्येकी पाच लाख भरपाई. दहा वर्षांत फरक काय पडला? ही माणसं जिवंत होती, एवढाच. आणि दोन्हीकडे आरोपी कोण आहेत ते पण बघा. दिल्लीच्या लॉ युनिव्हर्सिटीनं 2016 मध्ये फाशीच्या कैद्यांचा अभ्यास केला त्यात चारातले तीन जण गरीबच निघाले. चांगला वकील लावता येणाऱ्याची केस दुर्मिळातल्या दुर्मिळपर्यंत पोचतच नाही.

टॅक्सचं एका ओळीत उरकतो. 2022 मध्ये देशात पावणेसहा लाखांच्या आसपास कैदी होते आणि त्यातले पाऊण अंडरट्रायल, म्हणजे ज्यांचा गुन्हाच अजून सिद्ध नाही असे. तुमचा-माझा पैसा तिकडं जाते. फाशीवाले काही शे असतील, त्यांच्या जेवणाचा हिशेब काय लावायचा.

विदेशी खूळ म्हणाले त्यावर मात्र हसू आलं, ते पण नागपुरातून! दीक्षाभूमीच्या शहरात राहून हे माहीत नसावं? जून 1949 मध्ये संविधान सभेत, फाशीच्या केसेसचं अपील सुप्रीम कोर्टात जावं का यावर चर्चा चालू असताना, बाबासाहेबांनी स्वच्छ मत दिलं होतं की या देशानं मृत्युदंडच रद्द केलेला बरा, आणि त्यासाठी आधार दिला तो आपल्याच अहिंसेच्या परंपरेचा. ते पटलं नाही तर नका पटवून घेऊ, पण विदेशी तर म्हणू नका.

राहिलं हिंगणघाट. ती पोरगी 10 फेब्रुवारी 2020 ला नागपुरातच गेली, आणि बरोब्बर दोन वर्षांनी त्याच तारखेला कोर्टानं जन्मठेप दिली. तुम्ही म्हणता फाशी नाही म्हणजे न्याय नाही. आणि जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं हा पण एक गैरसमज आहे, 2015 च्या घटनापीठाच्या निकालानुसार हायकोर्ट किंवा सुप्रीम कोर्ट तीस वर्षं किंवा मरेपर्यंत सूट नाही असंही ठरवू शकते. मला त्या केसमध्ये दिसते ते असं की महिन्याच्या आत चार्जशीट गेली आणि मध्ये अख्खा कोरोना येऊनही दोन वर्षांत निकाल लागला. हे बाकीच्या पोरींच्या वाट्याला काहून येत नाही? 2022 मध्ये निकाल लागलेल्या बलात्काराच्या केसेसमध्ये शिक्षा झाली ती शंभरात सत्तावीसच्या आसपास. उरलेल्या त्र्याहत्तरांना तुमचा दोर काय करणार, ते तर दोषीच ठरले नाहीत.

तेव्हा पुढच्या वेळी "फाशी द्या"च्या जागी "चार्जशीट कधी?" असं बॅनर करणार असाल तर सांगा, संविधान चौकात मी पण येतो. बॅनरचा खर्च माझा.