कसबे नव्हे, मौजे

सकाळपासून डोकं तापलंय. लिहून मोकळा होतो.

सांगलीत तीन दिवस पाऊस हटलेला नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर माणसं पाणी बघायला उभी आहेत. मी दुकान उघडलं, नेहमीसारखं एफएम लावलं. गाणं संपलं आणि एक मुलगी खिदळत म्हणाली, "काय कडक ऊन पडलंय ना आज! चला, एक थंडगार गाणं ऐकूया." आई मागं शेंगा निवडत बसली होती. मान वर करून तिनं विचारलं, "कुठं पडलंय रे ऊन?"

काय सांगू तिला? ते वाक्य कुठल्या तरी शहरात, कधी तरी रेकॉर्ड करून ठेवलेलं. गाण्यांची यादी कॉम्प्युटर चालवतो, मधलं बोलणं त्यातच पेरलेलं. माइकपुढं कुणी नाहीच. ज्यांनी हे केलं त्यांना वाटतं लोक नुसत्या गाण्यांसाठी रेडिओ लावतात. अहो, गाणी माझ्या खिशातल्या मोबाईलमध्ये हजारो पडलीत!

मी चौथीत होतो तेव्हाची गोष्ट. आईनं सांगली केंद्राला फर्माईशीचं पोस्टकार्ड टाकलं. आजीचं नाव पहिलं, मग आत्याचं, मग आम्हा भावंडांची, स्वतःचं सगळ्यात शेवटी. दोन आठवडे दुपारी कुणी रेडिओजवळ मोठ्यानं बोलायचं नाही. आणि एक दिवस नावं आली! बाईंनी एकेक नाव सावकाश वाचलं आणि शेवटी म्हणाल्या, "कसबे डिग्रज." आईचा चेहरा उतरला. आमचं मौजे डिग्रज, दोन्ही गावं वेगळी. बाहेरच्याला काय फरक पडतो? आमच्याकडं येऊन विचारा मग कळेल.

आजोबा तर त्याच्याही आधीच्या काळातले. १९५२ मध्ये केसकर माहिती खात्याचे मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ गायबच झाली. सगळा देश रेडिओ सिलोनकडं वळला. दर बुधवारी रात्री अमीन सायानींची बिनाका गीतमाला. १९५७ ला विविध भारती आली, गाणी परत मिळाली, तरी आजोबांचा बुधवार सुटला नाही. तबकड्या तर सगळीकडं त्याच होत्या ना? पण आजोबा "गाणी ऐकतो" म्हणायचे नाहीत, "सायानी ऐकतो" म्हणायचे. "बहनों और भाइयों" म्हटलं की आजी पदर नीट करून बसायची. २०२४ च्या फेब्रुवारीत अमीन सायानी गेले, तेव्हा बाबा दिवसभर गप्प होते. घरातलं माणूस गेल्यासारखे.

काही आरजे वैताग आणतात, हे मान्य. गाण्याचा मुखडा सुरू झाला तरी तोंड थांबत नाही. मग त्यांना शिकवा की. माणूसच काढून टाकायचा, हा कुठला उपाय?

चांगला निवेदक गीतकार कोण, संगीतकार कोण, गायलंय कुणी, हे सांगून बाजूला व्हायचा. मला नावं माहीत आहेत ती सगळी तिथूनच. पुस्तकातून एकही नाही.

आणि पाण्याचं काय? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. उद्या परत तशी रात्र आली तर ही कडक उन्हातली मुलगी आम्हाला काय सांगणार? कुठला रस्ता बंद झाला, कुठं पाणी चढलं, तिला कोण कळवणार? माझा संताप आहे तो याचा. आमच्या गावाच्या नावानं जाहिराती गोळा करायच्या आणि आमच्या गावात एक माणूस बसवायचा नाही!

असो. आई आत गेली, मी रेडिओ बंद केला.

तर ते डिग्रजचं. आईनं त्याच संध्याकाळी दुसरं कार्ड लिहिलं. भांडण नाही, एकच ओळ: आमचं गाव मौजे डिग्रज आहे. पुढच्या आठवड्यात आई कणीक मळत होती आणि बाईंचा आवाज आला, "मागच्या वेळी एका ताईंचं गाव माझ्याकडून चुकीचं वाचलं गेलं. त्या मौजे डिग्रजच्या आहेत. ताई, माफ करा." आणि तेच गाणं परत लावलं. आईनं कणकेच्या हातानंच आवाज वाढवला. त्या बटणाच्या खाचेत वाळलेली कणीक कितीतरी वर्षं तशीच होती. बाबा पुसायला गेले की आई म्हणायची, राहू दे.

त्या बाईंनी स्वतःचं नाव कधीच सांगितलं नाही. सांगली केंद्रावर त्या काळी दुपारी मराठी फर्माईशी वाचायच्या. आवाज थोडा घोगरा, "ळ" अगदी ठसठशीत. कुणाच्या ओळखीच्या असतील तर मला मेसेज करा. आई आता पंच्याहत्तरची आहे, तिला त्यांना एकदा भेटायचंय.