‘तीन रात्री रडू द्या’ असं सांगणारा मेसेज

कुत्र्याचं पिल्लू पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, सल्ले तेच राहतात. पिल्लाला पहिल्या रात्रीपासून बाल्कनीत किंवा बाथरूममध्ये एकटं ठेवा, रडलं तरी जाऊ नका, तीन रात्रींत गप्प होतं. संध्याकाळी सहानंतर पाणी बंद. झोपण्याआधी पोटभर दूध-पोळी द्या, म्हणजे सकाळपर्यंत उठत नाही. घरात शू केली तर तिथेच नाक घासा. आणि सगळी इंजेक्शनं होईपर्यंत घराबाहेर काढू नका. पिल्लू नुकतंच घरी आलंय आणि दोन रात्री डोळ्याला डोळा लागलेला नाही, अशा माणसाला यातलं काहीही पटू शकतं. म्हणून एकेका सल्ल्याला उत्तर देतो.

रडू देण्यापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. भारतात २०१७ च्या श्वान पैदास व विक्री नियमांनुसार ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. म्हणजे नियम पाळून आणलेलं पिल्लू बहुतेक वेळा याच वयाचं किंवा थोडं मोठं असतं. कालपर्यंत ते आईच्या पोटाशी, भावंडांच्या अंगावर झोपत होतं. त्याला अंधारात एकटं ठेवलं की ते हाका मारतं. तीन रात्रींनी हाका थांबतात हे खरं आहे. पण कोणी येत नाही हे कळल्यावर ओरडणं थांबणं आणि सुरक्षित वाटून झोप लागणं यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर पुढे घरात एकटं राहायची वेळ आली की दिसतं.

दुसरं नुकसान शूचं. साधारण तीन आठवड्यांची झाल्यावर पिल्लं झोपायच्या जागेपासून दूर सरकून शी-शू करायला लागतात. कोणी न शिकवता आलेली ही सवय हे आपलं सगळ्यात मोठं भांडवल आहे. बाथरूममध्ये कोंडलेलं पिल्लू रात्री दोन वाजता हाक मारतं, दार उघडत नाही आणि शेवटी झोपतं तिथेच शू करतं. असं रोज झालं की ती आतली मर्यादा मोडते. त्यातून आठव्या-नवव्या आठवड्याच्या सुमाराला कोणत्या पृष्ठभागावर जायचं याची आवड पक्की होत जाते. बाथरूमच्या गुळगुळीत फरशीवर रोज शू करणाऱ्या पिल्लाला हॉलची फरशी वेगळी का वाटावी? मग त्याच घरात दोन महिन्यांनी ‘याला कळतच नाही’ अशी तक्रार सुरू होते.

पिल्लाला तुमच्या पलंगाशेजारी झोपवा. लहान पिंजरा किंवा मजबूत खोका घ्या. त्याला वळता येईल, पसरून झोपता येईल एवढाच, कारण मोठ्या जागेत ते एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्यात शू करतं. नुकतीच शू करून आलेलं पिल्लू कुरकुरत असेल तर त्याला सोबत हवी आहे, खाली सोडलेला हात पुरतो. दोन-तीन तास गाढ झोपून उठलेलं पिल्लू कुरकुरत असेल तर त्याला शू लागली आहे, उठायलाच हवं. पुढे त्याने हॉलमध्ये झोपावं असं वाटत असेल तर खोका दर काही रात्रींनी थोडा थोडा दाराकडे सरकवा.

किती वेळ धरवतं? ढोबळ हिशेब असा की दिवसा महिन्यांच्या वयात एक मिळवावा, तेवढे तास. दोन महिन्यांचं पिल्लू फार तर तीन तास. झोपेत मूत्र कमी तयार होतं, म्हणून रात्री थोडं जास्त चालतं, छोट्या जातींत मात्र कमीच. म्हणून अकराला दिवा बंद केला तर अडीचच्या आसपासचा गजर लावा. पिल्लू रडायच्या आधी तुम्ही उठलात तर ‘रडल्यावर दार उघडतं’ हा धडा ते शिकतच नाही. मेसेज लिहिणाऱ्याला जी भीती आहे तिच्यावरचा इलाज हा आहे. सलग काही रात्री खोका कोरडा राहिला की गजर पाव-पाव तास पुढे ढकला. चार महिन्यांच्या आसपास बरीच पिल्लं सलग सहा-सात तास झोपू लागतात.

त्या अडीचच्या फेरीला कोणताही रंग येऊ देऊ नका. मोठा दिवा नको. उचलूनच न्या, कारण चालवत नेलं तर ते हॉलच्या मधोमध बसतं. रोज तीच जागा, तोच शब्द, आणि तुम्ही गप्प उभे. झालं की हळू आवाजात शाबासकी आणि सरळ खोक्यात. यात खेळ मिसळला की पिल्लू उद्या खेळायलाच उठेल.

पहाटेचंही तसंच. पाच वाजता कावळे ओरडतात, दूधवाल्याची बेल वाजते, पडद्यातून उजेड येतो, आणि पिल्लाची मूत्राशयाची पिशवी तुडुंब असते. तेव्हा शूला नेलंच पाहिजे. चूक होते ती त्यानंतर. उठलोच आहोत तर खायलाही घालू, असं म्हणून पाचला वाटी भरली की त्याचं पोट उद्या पाचलाच जागं करतं. शू झाल्यावर परत खोक्यात ठेवा आणि खाणं सातला द्या. जाड पडद्यानेही बराच फरक पडतो.

संध्याकाळी सहाला पाणी बंद करण्याचा सल्ला विदर्भातल्या मे महिन्यात सरळ धोकादायक आहे, आणि एरवीही चुकीचा. तहानलेलं पिल्लू सकाळी एका दमात वाटी रिकामी करतं आणि मग तासभर घरभर शू करत फिरतं. दिवसभर पाणी समोर ठेवा आणि झोपण्याआधी तास-दीड तास वाटी उचला. रात्रीच्या उकाड्यात थोडं पाणी राहू द्या, एक फेरी जास्त करावी लागली तरी चालेल.

दूध-पोळी प्रेमाने दिली जाते, म्हणून हा मुद्दा सोडून देता येत नाही. आईचं दूध सुटलेल्या बऱ्याच पिल्लांना गाई-म्हशीच्या दुधातली साखर नीट पचत नाही. पोट सैल होतं आणि रात्री तीनला पातळ शी होते. शिवाय खाल्ल्यावर आतडी हलतात, साधारण अर्ध्या तासात पिल्लाला शी लागते. म्हणून शेवटचं जेवण झोपेच्या तीनेक तास आधी आणि त्यानंतर बाहेरची फेरी. पॉमेरेनियन, शित्झूसारख्या अगदी छोट्या पिल्लांची रक्तातली साखर उपाशीपोटी खाली जाऊ शकते. त्यांना झोपताना थोडंसं खाणं द्यावं, पण त्यांच्या नेहमीच्याच अन्नातलं.

नाक घासण्याबद्दल थोडक्यात. मागे होऊन गेलेल्या शूचा आणि आत्ताच्या शिक्षेचा संबंध पिल्लू जोडत नाही. माणसासमोर शू करणं धोक्याचं, एवढं मात्र ते शिकतं. मग रात्री तुम्ही खाली नेऊन उभे राहता, ते तुमच्यासमोर करत नाही, वर येऊन सोफ्यामागे करतं. त्यापेक्षा जागा नीट पुसा. साध्या फिनाइलने आपल्या नाकाला वास गेला तरी त्याच्या नाकाला राहतो, आणि काळं फिनाइल चाटणाऱ्या पिल्लाला विषारी ठरू शकतं. एन्झाइमवालं क्लीनर पाळीव प्राण्यांच्या दुकानांत मिळतं, ते वापरा.

इंजेक्शनांच्या मुद्द्यात मेसेज अर्धा बरोबर आहे, आणि तो अर्धा भाग गंभीर आहे. पार्वोचा, म्हणजे पिल्लांना उलट्या आणि रक्ताचे जुलाब लावणाऱ्या जीवघेण्या आजाराचा, विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. लसीचे डोस ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू होतात आणि दर ३-४ आठवड्यांनी, साधारण १६ आठवड्यांपर्यंत चालतात. तोवर अनोळखी कुत्री फिरतात त्या जमिनीवर पिल्लू ठेवू नका. पण जगाची ओळख होण्याचं वयही नेमकं तेच, तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यातलं. अमेरिकेतल्या प्राणिवर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगितलं होतं की पूर्ण लसीकरणासाठी पिल्लांना कोंडून ठेवू नये. कडेवर घेऊन खाली जा, रिक्षा, शाळेची मुलं, पाऊस सगळं दाखवा. लिफ्टवरून सोसायटीत कोणी अडवलं तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवा, पाळीव कुत्र्यांना लिफ्टबंदी करता येत नाही. शूसाठी बाल्कनीत ट्रे ठेवा आणि त्यात स्वच्छ माती किंवा हिरवळीचा तुकडा घाला. पुढे मातीवरच करायला हवं असेल तर आत्ता वर्तमानपत्राची सवय कशाला लावायची?

एक गोष्ट मेसेजमध्ये मुळीच नाही. कोरडं राहू लागलेलं पिल्लू पुन्हा खोका ओला करू लागलं, थेंब-थेंब शू करत राहिलं, कण्हलं किंवा शूमध्ये रक्त दिसलं, तर तो संसर्ग असू शकतो, डॉक्टरांना दाखवा. आणि डोस पूर्ण न झालेल्या पिल्लाला उलट्या, दुर्गंधी किंवा रक्ताचे जुलाब सुरू झाले, ते मरगळून पडलं, तर सकाळ होऊ देऊ नका. त्याच रात्री डॉक्टरांना फोन करा.