सर, माझं किती झालं?

सत्राच्या पहिल्या दिवशी मी एक चूक करतो. दरवर्षी तीच करतो, त्यामुळे आता तिला परंपरा म्हणायला हरकत नाही. लेखनकौशल्याच्या वर्गात उभा राहतो आणि छाती पुढे काढून सांगतो, "या कोर्समध्ये आपण नेमके कुठे आहोत, हे तुम्हाला वेळोवेळी कळत राहील." साठ माना डोलतात. त्या क्षणी कोणीतरी मला हाताला धरून खाली बसवायला हवं.

कारण 'वेळोवेळी' म्हणजे किती वेळ, हा हिशोब मी तोवर केलेला नसतो. एकेकाशी पाच मिनिटं बोलायचं म्हटलं तरी ६० जणांची ३०० मिनिटं होतात, म्हणजे पाच तास. आठवड्याला मला तास मिळतात चार. तेव्हा प्रगती सांगायची तर शिकवणं बंद करायला हवं, आणि शिकवणं बंद केलं तर प्रगती कशाची सांगणार? म्हणून मग लेखी शेरा. तोही चाचणीच्या पेपरवर.

पहिली चाचणी चौथ्या आठवड्यात झाली. पेपरांचा गठ्ठा पिशवीत घालून मी घरी नेला. दुसऱ्या दिवशी परत आणला, संध्याकाळी पुन्हा नेला. असे पंधरा दिवस गेले. गठ्ठ्याचा प्रवास भरपूर झाला, प्रगती शून्य. दरम्यान "सर, पेपर तपासले का?" हा प्रश्न मला व्हरांड्यात, जिन्यात आणि एकदा तर स्वच्छतागृहाच्या दारात विचारला गेला. मी मागचा जिना वापरायला लागलो. तिथेही दोघं उभेच होते.

शेवटी एका रात्री बसलोच. पहिल्या दहा पेपरांवर मी काय सुंदर लिहिलंय! 'दुसऱ्या परिच्छेदात तू परिणाम आधी सांगतोस आणि कारण मागाहून, त्यामुळे वाचणारा गोंधळतो. क्रम उलटा करून पाहा.' असं माझ्या शिक्षकांनी मला लिहिलं असतं तर मी आज कुठल्या कुठे असतो. पंचविसाव्या पेपरापर्यंत त्याचं 'कारण-परिणाम पाहा' झालं. चाळिसाव्यावर नुसतं 'मांडणी!' आणि पंचावन्नच्या पुढे एक नागमोडी रेघ. हजेरीपटात ज्याचा नंबर शेवटी, त्याच्या नशिबी रेघ. त्यात त्याच्या लेखनाचा काही दोष नव्हता.

रेघवाल्यांपैकी एक मुलगा आपला पेपर घेऊन आलाच. "सर, ही रेघ म्हणजे काय?"

मी रेघेकडे पाहिलं. रेघेने माझ्याकडे पाहिलं. ओळख पटेना.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं. (शिक्षक प्रश्नाचं उत्तर प्रश्नाने देतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याला उत्तर आठवत नसतं.) तो थोडा वेळ वाचत राहिला आणि म्हणाला, "हे वाक्य फार लांबलंय का? कर्ता एकीकडे आणि क्रियापद दुसरीकडे गेलंय." मी "शाब्बास!" म्हणालो आणि सुटलो. खरं सांगतो, त्या पेपरवरचा त्याहून नेमका शेरा मला सुचला नसता.

पण शेरे वाचतं कोण? सगळ्यांचं लक्ष वर, कोपऱ्यातल्या आकड्यावर. चाचणीला २०, वर्गकामाला ३०, अंतिम परीक्षेला ५० आणि पास व्हायला ४०, अशी आमची वाटणी. खिडकीशेजारी बसणाऱ्या एकाला चाचणीत १८ मिळाले. मोठा कौतुकाचा शेरा लिहिला होता मी त्याच्यासाठी. त्याने तो न वाचताच हिशोब केला : ४० मधून १८ गेले, उरले २२, तेही ८० पैकी. त्यानंतर तो वर्गात दिसलाच नाही. पुढे एकदा भेटला तेव्हा म्हणाला, "सर, माझं व्यवस्थित चाललंय." त्याला त्याची प्रगती इतकी स्वच्छ कळली होती की आणखी करायची गरजच उरली नाही.

पहिल्या बाकावरच्या मुलीला १९ होते. "सर, एक मार्क कुठे गेला?" तिने हे अशा आवाजात विचारलं की मी हरवल्याची तक्रार नोंदवून घ्यायला कागद शोधू लागलो.

मग मी वाचायला बसलो. शिक्षक अडला की संशोधनाचा आधार घेतो. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डिनिसी या दोघांनी १९९६ साली, कामाबद्दल अभिप्राय दिल्यावर काय होतं याचे ६०७ निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीने फायदा होतो, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा काम आधीपेक्षा बिघडतं. विशेषतः माणसाचं लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं की. हे वाचून मला फार हायसं वाटलं. गठ्ठा पंधरा दिवस पिशवीत ठेवून मी निदान वीस मुलं वाचवली होती! हा हिशोब शास्त्राला धरून नाही, पण झोप चांगली लागली.

दुसरा अभ्यास रूथ बटलर यांचा, १९८८ चा. त्यांनी काही मुलांना फक्त शेरे दिले, काहींना फक्त गुण आणि काहींना दोन्ही. नुसते शेरे मिळालेली मुलं पुढे सरस ठरली. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्यांचा काही उपयोग झाला नाही. आकडा शेजारी आला की शेरा मेलाच.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात जाहीर केलं, "वर्गकामाला यापुढे फक्त शेरे. गुण सत्राच्या शेवटी." वर्गात सुतकी शांतता पसरली. पण आठवड्याभरात मुलं शेरे वाचायला लागली, एकमेकांचे शेरे शेजारी ठेवून ताडून पाहायला लागली. मला भरून आलं. मग एकाने प्रामाणिकपणे त्यांच्या ग्रुपवर फिरत असलेला तक्ता दाखवला. 'चांगला प्रयत्न' म्हणजे दहापैकी ५. 'विचार चांगला, मांडणीकडे लक्ष द्यावे' म्हणजे ६. 'छान' म्हणजे ७ आणि 'छान!' म्हणजे ८. उद्गारचिन्हाला एक मार्क. मी गुपचूप माझ्या वहीशी ताडून पाहिलं. दोन ठिकाणी फरक निघाला, आणि दोन्ही ठिकाणी चूक माझी होती.

तेवढ्यात विभागप्रमुखांचा तक्ता आला : 'आकारिक मूल्यमापन केले का? होय/नाही.' काम चालू असताना ते सुधारावं म्हणून केलेली पारख (म्हणजेच आकारिक) वेगळी आणि संपल्यावर दिलेला निवाडा वेगळा, हा फरक मूल्यमापनाचे अभ्यासक मायकेल स्क्रिवेन यांनी १९६७ साली नावं देऊन मांडला. गंमत म्हणजे ते बोलत होते अभ्यासक्रमाची पारख करण्याबद्दल. मुलांच्या प्रगतीला तो फरक लावला तो मागाहून, शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम वगैरे मंडळींनी. म्हणजे मुळात पारख व्हायची ती आमच्या शिकवण्याचीच. हा भाग तक्त्यात नव्हता. मी 'होय'वर खूण केली.

तीही पारख झाली म्हणा. सत्र संपताना मुलांनी माझ्याबद्दल नाव न लिहिता फॉर्म भरले, आणि पुढचं सत्र सुरू होऊन महिना झाल्यावर त्याचा निकाल माझ्या हातात पडला. सुधारणा करायची तर ती मुलं कधीच पुढे गेली होती. वर ठळक अक्षरांत ५ पैकी ३.६. खाली दोन पानं भरून मुलांचे शेरे.

मी पाकीट तसंच हातात घेऊन शेजारच्या वर्गावरच्या बाईंना गाठलं. "बाई, तुम्हाला किती?"

"चार पूर्णांक एक. पण सर, मुलांनी काय काय लिहिलंय, वाचलंत का?"

"वाचतो की," असं म्हणून मी थेट विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये शिरलो.

"मॅडम, बाकी सगळं ठीक आहे. पण ते १.४ कुठे गेले?"

मॅडमनी चष्मा काढला, कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला काय वाटतं?"