कुत्र्याच्या हृदयावर पैसा कशाला? एका व्हायरल संदेशाचा प्रतिवाद

आमच्या परळच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर गेल्या महिनाभरात एकच मजकूर तिसऱ्यांदा फिरून आला. त्याचा आशय असा: रुग्णालयांबाहेरच्या फूटपाथवर रुग्णांचे नातेवाईक झोपलेले असताना कुत्र्यांच्या हृदयरोगावरील संशोधनाला देणग्या देणे म्हणजे माणसांच्या तोंडचा घास काढणे होय, हा आजार श्रीमंतांच्या कुत्र्यांना चमचमीत खाऊन होतो, त्या संशोधनाचा माणसाला काडीचा उपयोग नाही, आणि कुत्र्यालाही नाही, कारण या आजारावर इलाजच नाही.

फूटपाथवरचे दृश्य खरे आहे. मी ते रोज पाहतो आणि त्याबद्दल वाद नाही. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. या विषयाला पैसा देणाऱ्या प्रसिद्ध संस्था, उदाहरणार्थ अमेरिकेतील १९४८ सालची मॉरिस ॲनिमल फाउंडेशन किंवा १९९५ साली स्थापन झालेली एकेसी कॅनाइन हेल्थ फाउंडेशन, प्रामुख्याने प्राणिप्रेमींच्या देणग्यांवर चालतात. कुत्रा गमावलेल्या माणसाने त्याच्या आठवणीखातर दिलेली रक्कम उद्या थांबवली, तर ती आपोआप परळच्या एखाद्या रुग्णाच्या औषधांकडे वळेल, असे मानायला आधार नाही. महापालिकेने रुग्णालयाच्या तरतुदीतून असा पैसा काढला असता तर विरोधाच्या पत्रावर मीही सही केली असती. परंतु संदेशात तसे एकही उदाहरण दिलेले नाही.

दुसरे विधान तर सरळच चुकीचे आहे. माणसाप्रमाणे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चरबी साचून झटका येणे हा प्रकार कुत्र्यांत क्वचितच आढळतो, कारण त्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल बहुतांशी एचडीएल, म्हणजे ज्याला ‘चांगले’ कोलेस्टेरॉल म्हणतात, त्या स्वरूपात असते. त्यांच्यात हृदयरोगाचे सर्वाधिक, म्हणजे सुमारे ७५ टक्के, रुग्ण मायट्रल झडपेच्या (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेच्या) झिजेचे असतात आणि ही झीज वाढत्या वयात, विशेषतः लहान चणीच्या जातींत होते. आमची चिंगी स्पिट्झ आहे. चाळीत वाढली, तेव्हा सगळे तिला पॉमेरियनच म्हणत. दूधभात आणि पोळीच्या कडा याखेरीज तिने फारसे काही चमचमीत खाल्लेले नाही. बाराव्या वर्षी ती रात्री खोकू लागली. डॉक्टरीणबाईंनी स्टेथोस्कोप माझ्या कानाला लावला, तेव्हा ‘लब-डब’च्या मधल्या जागेत सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसा फस्स आवाज येत होता. झडप नीट मिटत नसल्याने रक्त मागे येते, त्याचा तो आवाज. आहाराचा संबंध शोधायचाच तर तो वेगळ्याच बाजूला सापडतो: अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध असल्याच्या संशयावरून २०१८ साली ज्या खाद्याची चौकशी सुरू केल्याचे जाहीर केले, ते मटार-मसूर वापरलेले ‘धान्यविरहित’ पाकिटबंद खाद्य होते आणि त्यातही कार्यकारणभाव पक्का ठरलेला नाही.

माणसाला उपयोग नाही, हे परळमध्ये राहून म्हणावे याचे मला नवल वाटते. १९६८ च्या फेब्रुवारीत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी परळच्याच केईएम रुग्णालयात भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले. त्याआधी त्यांच्या चमूने ही शस्त्रक्रिया कुत्र्यांवर करून पाहिली होती. आजही बॉक्सर जातीतील उजव्या कप्प्याचा एक वंशागत विकार माणसातील तशाच विकाराशी ताडून अभ्यासला जातो. मात्र माझा मुद्दा केवळ यावर उभा नाही. माणसाच्या कामी न येणारे ज्ञानही कुत्र्याच्या कामी आले तर मला पुरेसे आहे.

राहिला इलाज. झिजलेली झडप गोळीने पूर्ववत होत नाही, इतकेच त्या विधानात खरे आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एपिक’ चाचणीत ११ देशांतील ३६० कुत्री होती. त्यांचे हृदय मोठे झाले होते, पण धाप लागणे वगैरे लक्षणे सुरू झाली नव्हती. त्यांपैकी निम्म्यांना पिमोबेंडन हे हृदयाचे औषध आणि उरलेल्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. हृदय निकामी होईपर्यंतचा किंवा हृदयविकाराने मृत्यू येईपर्यंतचा मध्यक काळ निष्क्रिय गोळीच्या गटात ७६६ दिवस, तर औषधाच्या गटात १२२८ दिवस निघाला. सुमारे पंधरा महिन्यांचा हा फरक कुत्र्याच्या आयुष्यमानात किती मोठा, ते वेगळे सांगायला नको.

या चाचणीचा खर्च औषध बनवणाऱ्या कंपनीनेच केला होता, हे लपवण्याचे कारण नाही. उलट देणग्यांची गरज तिथेच दिसते. जिथे गोळी विकता येते तिथे कंपनी पैसा घालते. पण झोपलेल्या कुत्र्याचे श्वास मिनिटाला ३० च्या वर जाऊ लागले तर डॉक्टरांना कळवावे, या नियमात विकण्यासारखे काय आहे? मी रोज रात्री घड्याळ समोर धरून चिंगीची बरगडी वरखाली होताना मोजतो, खर्च शून्य. असा नियम घालून द्यायचा तर कुणीतरी आधी शेकडो निरोगी आणि आजारी कुत्र्यांचे श्वास मोजावे लागतात.

एक्स-रेवर कुत्र्याचे हृदय त्याच्याच पाठीच्या मणक्यांच्या मापाने मोजतात आणि सर्वसाधारण मर्यादा साडेदहा मणक्यांची धरतात, परंतु जातीजातीत हे माप बदलते. चिंगीचे हृदय अकराच्या जवळ भरले. स्पिट्झसाठी हे किती मोठे, असे मी विचारले तेव्हा डॉक्टरीणबाई फिल्म उजेडाकडे धरत म्हणाल्या, “सध्या साडेदहाच धरू या. आपल्या स्पिट्झ मोठ्या संख्येने मोजायला कुणीतरी पैसे दिले, तर मी नेमकं सांगू शकेन.”